टार्गेटच्या रकान्यातली ओळ

२०२५ च्या दिवाळीत माहेरी, खांडबाऱ्याला गेले होते. वहिनी चकल्या तळत होती आणि तेल निथळायला खाली कागद पसरले होते. आमच्या घरी कागदाला तोटा नाही. पुढच्या खोलीत पुतण्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, चुकलेल्या प्रिंटांचा गठ्ठा रोज संध्याकाळी आत येतो. एक कागद सहज उचलून पाहिला, तर कुणाचा तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. नाव आणि मोबाइल नंबरासकट! त्यावरून वहिनीशी आणि पुतण्याशी माझं जे बोलणं व्हायचं ते झालं, आणि आता चकल्यांखाली जुनी वर्तमानपत्रं येतात. पण ही पोस्ट त्याबद्दल नाही.

ब्राउझरमधून प्रिंट काढली की कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख येते. त्या कागदावर तारीख होती १ जानेवारी २०१४. दुसरा कागद उचलला. तोही २०१४ चा. तिसऱ्यावर तारीख बरोबर, चौथ्यावर पुन्हा २०१४. आणि दुकान तर सुरू झालं २०१९ ला.

"अरे, तुझ्या कॉम्प्युटरची तारीख चुकते आहे."

"हो आत्या, ते होतं कधी कधी. सकाळी चालू करताना एफ-१ दाबावं लागतं. मग व्हॉट्सॲप कुरकुरायला लागलं की मी तारीख नीट करतो."

"आणि तोवर? सरकारी साइटी उघडतात?"

"उघडतात की."

माझी चकली हातातच राहिली. कारण उघडायला नकोत! कॉम्प्युटरला २०१४ साल वाटत असेल तर आजच्या कुठल्याही साइटचं सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेलं नसतं. क्रोमने पानभर इशारा देऊन अडून बसायला हवं, आणि तुमचं घड्याळ मागे आहे असं स्वच्छ सांगायला हवं. माझं पोट सॉफ्टवेअर तपासण्यावर चालतं, एवढं मी झोपेतही सांगेन.

पुढच्या खोलीत गेले. त्याच्या नेहमीच्या आयकॉनवरून क्रोम उघडलं आणि वर पत्त्याच्या जागी 'क्रोम', मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि 'व्हर्जन' असं टाइप केलं. (तुम्हीही करून पाहा, काही बिघडत नाही.) जे पान येतं त्यात 'कमांड लाइन' नावाची एक ओळ असते. त्यात लिहिलं होतं: --यूजर-डेटा-डिर, पुढे एका फोल्डरचं नाव, मग --इग्नोर-सर्टिफिकेट-एरर्स, आणि शेवटी --टेस्ट-टाइप.

ही ओळ मी लगेच ओळखली. ती माझीच होती.

सांगते. पण वाचणाऱ्यांत मावश्या, काका आणि कवितावाले ब्लॉगर मित्रही आहेत, म्हणून आधी हा स्विच काय प्रकार आहे ते सांगते. तुमच्यापैकी ज्यांनी कॉलेजात काळ्या पडद्यावर डॉस शिकलंय त्यांना आठवेल, 'डीआयआर' लिहून एंटर मारलं की फायलींची यादी सरसर वर निघून जायची. पुढे '/पी' लिहिलं की ती पानापानाने थांबत यायची. तो '/पी' म्हणजे स्विच. प्रोग्राम सुरू होण्याआधी त्याच्या कानात सांगायची गोष्ट. पुढे विंडोज आलं, माउस आला, आणि आपल्याला वाटलं की ते कानात सांगणं संपलं. संपलं नाही. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही आयकॉनवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये जा, तिथे 'टार्गेट' नावाचा एक रकाना असतो. प्रोग्रामचा पत्ता संपला की एक जागा सोडून दोन आडव्या रेघा द्यायच्या आणि पुढे स्विच लिहायचा. (मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.)

२००८ साली आलेल्या क्रोमला असे स्विच किती आहेत? पीटर बेव्हरलू यांनी क्रोमियमच्या कोडमधून ती यादी गोळा करून इंटरनेटवर ठेवली आहे. ती हजारावर जाते. आणि हे फक्त क्रोमपुरतं नाही. २०१३ साली गिटहबच्या लोकांनी ॲटम नावाचा एक एडिटर बनवताना युक्ती केली, की डेस्कटॉपचा प्रोग्राम वेगळा लिहायचाच नाही. आतमध्ये अख्खं क्रोमियम ठेवायचं आणि त्याच्यावर वेबपान चालवायचं. त्या सांगाड्याला २०१५ ला इलेक्ट्रॉन हे नाव मिळालं. ॲटम २०२२ च्या डिसेंबरात बंद झाला, सांगाडा मात्र जगभर पसरला. व्हीएस कोड, स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नलचं डेस्कटॉप ॲप, सगळे त्याच्यावर. म्हणजे तुम्ही तीन ॲप्स उघडलीत की खरं तर तीन ब्राउझर उघडलेले असतात, प्रत्येकाचं नाव आणि रंगरूप वेगळं. काही ॲप्स स्वतःचं क्रोमियम न आणता विंडोजमधल्या एजचं इंजिन वापरतात, पण कुळ तेच. आणि कुळ एकच असल्यामुळे क्रोमला समजणारे बरेचसे स्विच या सगळ्यांना समजतात.

आता मला यात राग कशाचा येतो ते सांगते. ही ॲप्स बनवणाऱ्यांच्या टेबलावर सोळा-बत्तीस जीबीची मशिनं असतात. खांडबाऱ्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला चार जीबी आहेत, आणि त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणजे आमच्या घरी फराळाची भाजणी दळून आली त्याच सुमारास. विंडोज ७ वाल्यांचं आधीच झालंय. क्रोम १०९ हे त्यांचं शेवटचं, २०२३ च्या जानेवारीतलं. इलेक्ट्रॉननेही २२ नंतर त्यांना सोडलं. म्हणजे दर काही वर्षांनी वरून कुणीतरी सांगतं, तुमचं मशीन जुनं झालं, नवं घ्या. ते मशीन चालतं आहे, प्रिंट देतं आहे, घर चालवतं आहे. पण त्याला हळूहळू चालवायची, नको ते बंद करायची जी कळ आहे ती मेनूत कुठेच दिसत नाही. ती टार्गेटच्या रकान्यात आहे, आणि तो रकाना ज्याला माहीत त्यालाच माहीत.

म्हणून मी स्विचच्या बाजूची आहे. आधीही होते, या प्रकारानंतरही आहे.

दुकानाचीच उदाहरणं देते. धाकटी पुतणी नंदुरबारला बीसीए करते, सुट्टीत याच मशीनवर शिकते. व्हीएस कोड उघडला की नुसती पांढरी खिडकी! दोन वेळा काढून पुन्हा घातला, तरी पांढरीच. मशीनमधलं चित्र काढणारं जुनं चिपसेट नव्या प्रोग्रामला झेपत नव्हतं. --डिसेबल-जीपीयू लावलं, म्हणजे चित्राचं काम त्या चिपवर टाकू नकोस, साध्या प्रोसेसरकडून करून घे, आणि खिडकीत अक्षरं आली. खर्च शून्य रुपये. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मोबाइलवर पाहिलं.

दुसरं माझ्या भावाचं. तो दुपारी गल्ल्यावर बसतो, वय साठीच्या पुढे, मॉनिटर स्वस्तातला. लहान अक्षरांत इंग्रजी एक वेळ वाचता येतं, पण देवनागरीची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, रफार आहे की नाही, हे त्या पडद्यावर कळत नाही. आमच्याकडे वळवी, वसावे, गावित, पाडवी अशी आडनावं. फॉर्मवर एका वेलांटीचा फरक पडला की दाखला आणि आधार जुळत नाहीत, आणि माणूस नवापूरला तहसीलमध्ये पुन्हा एक खेप घालतो. मजुरी बुडते ती वेगळीच. --फोर्स-डिव्हाइस-स्केल-फॅक्टर=१.२५ लावलं आणि पडद्यावरचं सगळं सव्वापट झालं. भाऊ म्हणाला, "हे आधी का नाही केलंस?" भावांचं असंच असतं. :)

तिसरा --इनकॉग्निटो. दुकानात याच्याइतका कामाचा स्विच नाही. एकामागून एक माणसं येतात, प्रत्येकाचं लॉगिन, प्रत्येकाचा आधार नंबर. साध्या क्रोममध्ये एकाचा फॉर्म भरताना आधीच्या चार जणांची नावं आणि मोबाइल नंबर रकान्याखाली लटकतात. इनकॉग्निटोचा वेगळा आयकॉन केला की ते बंद. फक्त एक पाळायचं. गिऱ्हाईक गेलं की त्या आयकॉनच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या. एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन तसंच राहतं.

--किऑस्क-प्रिंटिंगबद्दल मात्र माझं मत बदललंय. त्याने प्रिंटची चौकट न येता थेट कागद बाहेर येतो, बाजाराच्या दिवशी रांग पटापट सरकते. पण चौकट नाही म्हणजे 'फक्त पहिलं पान' असं सांगताही येत नाही, आणि एका पानासाठी नऊ पानं येतात. वर सांगितलेला चकल्यांखालचा गठ्ठा तिथूनच आला होता. --लँग=एमआर लावून क्रोम मराठीत करून दिलं होतं, ते पुतण्याने दोन दिवसांत काढलं. त्याला इंग्रजी मेनू पाठ होता. असो.

आता त्या ओळीकडे येते.

२०२१ सालची गोष्ट. मी पुण्यात, ऑफिसचं काम घरून, समोर मीटिंग चालू. पुतण्याचा फोन. दुकानात दहा-बारा माणसं, फॉर्मची शेवटची तारीख, आणि साइट उघडत नाही. "आत्या, मोठं पान येतंय, इशाऱ्याचं, त्यावर लिहिलंय की तुमचं..." मी त्याला पुढे वाचूच दिलं नाही. मला वाटलं, त्या साइटवाल्यांनी सर्टिफिकेट वेळेवर नवं केलेलं नसणार. असं होतं, मी पाहिलंय. आणि असल्या वेळी काय करायचं ते माझ्या बोटांना ठाऊक होतं, कारण ऑफिसात कच्च्या साइटी तपासताना आम्ही दिवसभर तेच करतो. व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली. --इग्नोर-सर्टिफिकेट-एरर्स, म्हणजे समोरच्याच्या ओळखपत्रात काहीही खोट निघाली तरी दुर्लक्ष कर. त्याचं नेहमीचं क्रोम उघडंच होतं, आणि चालू क्रोमला नवा स्विच ऐकू जात नाही (आधी सगळं बंद करावं लागतं), म्हणून --यूजर-डेटा-डिर देऊन वेगळा कप्पा करून दिला. पाच मिनिटांत साइट उघडली. रांग सरकली.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "वर पिवळी पट्टी येतेय आत्या, सुरक्षेचं काहीतरी लिहिलंय. लोक विचारतात." क्रोम असे घातक स्विच लावले की तशी पट्टी दाखवतं. हा स्विच आम्हाला मान्य नाही, सुरक्षेला धोका आहे, असं तीत लिहिलेलं असतं. मी त्याला सांगितलं, पुढे --टेस्ट-टाइप लिही. त्याने पट्टी जाते. गेली.

मीटिंगमध्ये परत गेले. संध्याकाळी ती ओळ काढून टाक असं सांगायचं होतं. विसरले.

त्याने नाही विसरला. म्हणजे त्याने ती ओळ जपली. आत्याने दिलेला आयकॉन कधीच अडत नाही, सगळ्या साइटी उघडतो, म्हणून तोच नेहमीचा झाला. चार वर्षं. त्यावर फॉर्म भरले, त्यावर लोकांना बँकेच्या खात्यात पैसे आले का ते पाहून दिलं, त्यावर आधार डाउनलोड केले. भारतातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिला गेला. तेव्हापासून आमच्या भागात माणसाचं जवळजवळ प्रत्येक काम त्या बारा आकड्यांवर चालतं, आणि ते बारा आकडे असे एका टेबलावरून जातात.

कुणाला यात काय मोठंसं असं वाटेल. गॅसवाला आलाय म्हणून दार उघडायचं, पण त्याचा गणवेश, कार्ड, सिलिंडर यातलं काहीच बघायचं नाही, कुणीही 'गॅस' म्हणालं की दार उघडं, असं ते आहे. दुकानाच्या वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला होता. त्या वायफायवर बसून मधेच 'मीच बँक' म्हणणारा कुणी उभा राहिला असता तर इतर कुठल्याही ब्राउझरने त्याला अडवलं असतं. आमच्याने नसतं. आणि अडवत नाहीये हे सांगणारी जी एक पिवळी पट्टी होती, तीही मीच काढायला लावली होती.

आणि मूळ आजार? साइटचं सर्टिफिकेट ठणठणीत होतं. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला होता. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ जन्मतारखेला जायचं, सकाळी एफ-१ दाबा म्हणायचं. पुतण्याला ते दुकान उघडताना उदबत्ती लावण्यासारखं नेहमीचं झालं होतं. २०२१ मध्ये त्या पानावर घड्याळाचंच लिहिलेलं असणार, आणि तो वाचत होता. मी वाचू दिलं नाही. चाळीस रुपयांचा सेल, नंदुरबारहून आणला, पंधरा मिनिटांत बसला.

वायफायचा पासवर्ड बदलला. राउटर आणि मशीन दोन्ही तपासली. काही सापडलं नाही. पण माझा धंदाच असा आहे की 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नव्हतं' असा होत नाही हे मला माहीत आहे.

पुण्याला परतल्यावर ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच सामान्य माणसाला स्विचच्या जवळ फिरकू देऊ नये. कंपन्यांनी हे सगळे स्विच काढून टाकले पाहिजेत." त्याच्या बाजूने बोलायला पुरावाही आहे. क्रोमने २०२५ मध्ये दोन दरवाजे बंद केले. बाहेरून ब्राउझर चालवायचा जो --रिमोट-डीबगिंग-पोर्ट आहे, तो १३६ पासून तुमच्या नेहमीच्या प्रोफाइलवर चालत नाही, कारण चोरटे प्रोग्राम तोच लावून लॉगिनच्या कुकीज पळवत होते. आणि १३७ पासून --लोड-एक्स्टेन्शनही क्रोममधून गेला. म्हणजे ज्या रकान्यातून मी भावाची अक्षरं मोठी केली, त्याच रकान्यातून चोरही आत येतात. हे मला मान्य आहे.

तरी मित्राचं म्हणणं मला पटत नाही. स्विच काढले तर दुकानातली पांढरी खिडकी पांढरीच राहील, आणि उत्तर येईल नवं मशीन घ्या. तो म्हणतो, कंपन्यांसाठी धोरणांची वेगळी व्यवस्था आहे, ती वापरावी. आहे, चांगली आहे, पण ती शंभर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पगारी माणसासाठी आहे. झेरॉक्सच्या दुकानात असा माणूस नसतो. तिथे एक पुतण्या असतो आणि पुण्यात एक आत्या असते.

मला वाटतं गोची त्या रकान्यात आहे. टार्गेटच्या रकान्यात जेमतेम २६० अक्षरं मावतात, आणि त्यात एक शब्दही शेरा लिहायला जागा नाही. ही ओळ कुणी लिहिली, कधी, कशासाठी, कधीपर्यंत, काही नाही. नुसता हुकूम. चार वर्षांनी तो हुकूम वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही की एका दुपारच्या गर्दीपुरता तो दिलेला होता. ज्या व्हीएस कोडला मी वर नावं ठेवली, त्याने हे बरं केलंय. कायमचे स्विच लिहायला त्यांची एक वेगळी फाइल आहे. तिच्यात मोजकेच स्विच चालतात, प्रत्येकाच्या वर तो काय करतो ते साध्या वाक्यात लिहिलेलं असतं, आणि सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत बजावलेलं असतं की परिणाम समजल्याशिवाय बदलू नका. एवढंच इतर ॲपवाल्यांनी केलं तरी पुरे. --डिसेबल-जीपीयू आणि --इग्नोर-सर्टिफिकेट-एरर्स एकाच रकान्यात, एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी शेजारी बसतात, हे मला आता बघवत नाही. औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध आणि उंदराचं विष एकाच फळीवर, दोन्हीवर चिठ्ठी नाही.

आणि माझ्यासारख्यांबद्दलही बोलायला हवं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या घरी असा एक फोन येतो. आपण घाईत एक ओळ पाठवतो, समोरचा खूश होतो, आपल्यालाही आपण हुशार वाटतो. औषध देताना डॉक्टर निदान 'तीन दिवस घ्या' तरी म्हणतो. मी ते म्हटलं नाही. इंटरनेटवर कुठल्याही अडचणीवर तीन मिनिटांत --नो-सँडबॉक्स लावा असं सांगणारा भेटतो. ब्राउझरने पानाभोवती घातलेलं कुंपणच तो काढून टाकतो, हे सांगणारा क्वचित भेटतो. अशा लोकांना मी बरीच वर्षं नावं ठेवत आले. माझ्याच घरी मी तेच केलं.

तर आता दुकानात काय आहे. माझी ती ओळ गेली. आयकॉन थेट क्रोमला न जोडता एका छोट्या बॅच फाइलला जोडले आहेत. तिच्यात स्विच असतात, आणि प्रत्येक स्विचच्या वर 'आरईएम' ने सुरू होणारी एक ओळ. डॉसच्या जमान्यातलीच ती सोय. आरईएम पुढे काहीही लिहा, मशीन ते वाचत नाही, माणसाने वाचायचं. कुणी लावला, तारीख, कशासाठी, कधी काढायचा. मराठीच लिहितो, पण इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी घातली की ती काळी खिडकी रुसते. किऑस्क-प्रिंटिंगचा आयकॉन वेगळा ठेवला आहे, एका पानाच्या कामापुरता. विंडोज १० चं पुढे काय करायचं ते अजून ठरत नाहीये. त्यावर पुतणी लिनक्स लिनक्स करते आहे, आणि प्रिंटर त्यावर चालेल का या एका प्रश्नावर गाडी अडली आहे.

पुतण्याने निघताना विचारलं, "आत्या, लोकांना सांगायचं का?" दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्याच्या आधीच्या दिवसांत दुकानात झुंबड असते, कागद करून घ्यायला. त्यांना काय सांगणार? की चार वर्षांत कदाचित काही झालं असेल, कदाचित नसेल? पुतण्या त्यांच्याशी मावचीत बोलतो, 'सर्टिफिकेट' ला त्याच्याकडे एकच शब्द आहे आणि तो जातीच्या दाखल्याचा. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हणाले, बघू.

त्याने बघितलं नाही. जो येतो त्याचा बँकेचा पासवर्ड तो समोर बसवून बदलून देतो आहे, पैसे घेत नाही, कारण विचारलं तर "मशीन खराब होतं" एवढंच सांगतो. नव्या वर्षात फोन आला तेव्हा सांगत होता की उसाला गेलेल्यांची नावं वहीत लिहून ठेवली आहेत, ती माणसं पावसाळ्याआधी परत येतील.

परवा त्याने बॅच फाइल मला मेल केली, एकदा बघून दे म्हणून. स्विच सगळे ठीक होते. सगळ्यात वर एक ओळ त्याने स्वतः घातली होती, मी सांगितलेली नव्हती:

आरईएम आत्याला फोन करायच्या आधी घड्याळ बघणे.